मैनेची पिशवी

कुत्रीला गर्भाशय असतं, ही गोष्ट पुण्यातल्या पुष्कळ सुशिक्षित माणसांना माझ्या दवाखान्यात आल्यावर कळली. एका निवृत्त प्राध्यापकांनी तर मला समजुतीच्या सुरात सांगितलं होतं, "अहो, पण ती कुत्री आहे." मी म्हटलं, हो, म्हणूनच आपण तिला माझ्याकडे आणलंत.

विश्रांतवाडीला आळंदी रस्त्यावर माझा जनावरांचा दवाखाना होता. चौदा एप्रिल आणि बुद्धपौर्णिमा सोडली तर वर्षभर उघडा. आता त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं विकतात. मी निवृत्त झाले तरी रस्त्यात कुणीतरी गाठतंच आणि कुत्र्याच्या खाजेवर औषध विचारतं. ते मी सांगत नाही. खाजेवर मला कधीच लिहावंसं वाटलं नाही, या दिवाळी अंकातही नाही. मी लिहिणार आहे ते कुत्रीच्या पिशवीत, म्हणजे गर्भाशयात, होणाऱ्या पुवाबद्दल. माझी मुलगी म्हणाली, आई, लोक फराळ करता करता वाचतात गं. ज्यांना चालणार नाही त्यांनी चकली संपवून मग पुढे वाचावं.

आधी आजार समजून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते. त्यानंतर कुत्रा लागो न लागो, तिच्या शरीराची दोन महिने अशीच समजूत असते की आपण गाभण आहोत. पिशवीचं अस्तर जाड होतं, पिल्लांची वाट बघत बसतं. पिल्लं नसतील आणि जंतू शिरले तर त्या मऊ बिछान्यावर त्यांची चैन होते आणि पिशवी पुवाने भरते. कुत्री पाणी पीत सुटते, खाणं टाकते, मलूल होते. पिशवीचं तोंड उघडं असेल तर पू बाहेर येतो, आणि तेवढी सवड मिळते. तोंड मिटलेलं असेल तर बाहेर थेंब दिसत नाही आणि आत सगळं साठत जातं. अशी कुत्री त्याच दिवशी टेबलावर घ्यायची आणि पिशवी काढून टाकायची. तिथे दुसरा विचार नाही.

खरं तर उघड्या तोंडाच्या आजारातही पिशवी काढणं हाच पक्का उपाय. पण ज्यांना पिल्लं हवीत त्यांना तो नको असतो. त्यांच्यासाठी इंजेक्शनचा रस्ता आहे, आणि तो मला म्हशींनी शिकवला. माझी सुरुवातीची नोकरी लोणी काळभोरच्या बाजूला, गोठ्यांतून हिंडायची. माजावर न येणाऱ्या म्हशींना आम्ही एक औषध टोचत असू. तेच औषध कुत्रीला अगदी थेंबभर दिलं की पिशवी आवळते आणि आतला पू बाहेर ढकलते. जोडीला जंतू मारायची औषधं, आणि हे काही दिवस रोज. म्हशीच्या औषधाचा थेंब कुत्रीला देताना सुरुवातीला मी तो तीनतीनदा मोजायचे. एक थेंब इकडचा तिकडे झाला की संपलं. आणि तोंड मिटलेलं असताना दिलं तर पिशवी आतल्या आत फुटायची भीती.

इंजेक्शननंतरचा अर्धा तास मात्र बघण्यासारखा असतो. कुत्री धापा टाकते, लाळ गाळते, ओकते, कण्हते. तिला चालवत ठेवलं की जरा बरं पडतं. त्यामुळे माझ्या दवाखान्यासमोर रोज कुणी ना कुणी ओकणाऱ्या कुत्रीला घेऊन फेऱ्या मारत असायचं आणि बसला थांबलेली माणसं माझ्या पाटीकडे संशयाने बघायची. मी मालकांना आधीच सांगून ठेवायचे की पुढचा अर्धा तास तुम्हाला माझा राग येईल, तो धरून ठेवा, मग उतरेल. बहुतेकांचा उतरायचा.

हे सगळं मी वाढीला लागलेल्या पुण्यात केलं. म्हणजे आधी आमच्याकडे बंगल्यांतली म्हातारी पॉमेरेनियन यायची, आणि बघता बघता लॅब्राडॉर यायला लागले. कल्याणीनगर, विमाननगरला काचेची ऑफिसं उभी राहिली. पोरांच्या हातात पगार आला, आणि फ्लॅट, गाडी यांच्यामागोमाग कुत्रं आलं. एका संगणकवाल्या जोडप्याने तर आजारी कुत्रीचा तक्ता करून आणला. किती मिलिलिटर पाणी प्यायली, ताप किती, सगळं रंगीत रकान्यांत. नवरा कंपनीच्या कामाने अमेरिकेत गेला तरी तिथून फोन करून विचारायचा, "मॅडम, आजचा डिस्चार्ज कसा आहे?" मी हसले तरी खरं सांगते, असा पेशंटचा मालक मला फार आवडायचा. कारण या आजारात निम्मं निदान मालकाच्या तोंडून होतं, आणि मालकाचं तोंड उघडणं हेच महाकठीण.

एक गृहस्थ शपथेवर सांगत होते की आमची बाहेर पाऊलही टाकत नाही, कुत्र्याचा संबंधच नाही, पोट सुटलंय ते पुवाचंच, टोचा इंजेक्शन. ते इंजेक्शन गाभण कुत्रीला दिलं तर पिल्लं पडतात. म्हणून मी आधी एक्स-रे काढायला पाठवलं. एक्स-रेत पिल्लांच्या पाठीचे चार छोटे कणे ओळीने दिसले. गृहस्थ फिल्म उजेडाकडे धरून बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "वॉचमनकडे एक कुत्रा आहे खरा."

पण खोटं बोलणाऱ्यांपेक्षा मला लाजणाऱ्यांनी जास्त छळलं. लोणीला शेतकरी भर रस्त्यात हाक मारून सांगायचा, "बाई, म्हस माजावर हाय, कधी येताय?" म्हशीत कुणाला काही वाटत नाही. कुत्रीचं निघालं, आणि समोर डॉक्टरीण असली, की मोठमोठे बाप्ये भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलायला लागतात. मागून काही येतंय का, असं विचारलं की कान लाल. शेवटी मी टेबलावर कागदाचं पॅड ठेवलं. बोलवत नसेल तर लिहा आणि पालथं घालून द्या. पुरुषांनी काय काय लिहून दिलं म्हणता! एकाने लिहिलं होतं, 'मॅडम, तिकडून थोडे येते, क्षमस्व.' मला त्या पॅडचा भारी अभिमान होता.

तो अभिमान किसनरावांनी उतरवला. किसनराव मार्केट यार्डात हमालांचे मुकादम. आडवा बांधा, ट्रकवाल्यांवर ओरडून बसलेला आवाज. गुलटेकडीहून विश्रांतवाडीपर्यंत टेंपोत घालून ते आपली जर्मन शेफर्ड घेऊन आले. नाव मैना, वय चार वर्षं. एका डॉक्टरांनी त्यांना पिशवी काढा म्हणून सांगितलं होतं. कुणीतरी म्हणालं की विश्रांतवाडीची बाई इंजेक्शनाने बरं करते. तेवढ्या भरवशावर आलेले.

मैना टेबलावर चढली आणि दवाखानाभर चंदनाच्या साबणाचा वास पसरला. न्हाऊ घातलेली, शेपटी विंचरलेली, बघत राहावं अशी कुत्री. पण पोट तटतटलेलं, अंगात ताप आणि डोळे विझलेले. दीड महिन्यापूर्वी माजावर आली होती, कुत्रा दाखवायचा राहून गेला होता. मी पोट हळूच चाचपलं. मग विचारलं, मागून काही येतंय का? किसनरावांनी कॅलेंडरकडे बघून सांगितलं, नाही. मी पॅड पुढे सरकवलं. त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'नाही', आणि कागद पालथा घातला.

झालं. पिशवी भरलेली आणि बाहेर काही नाही, म्हणजे तोंड मिटलेलं. मी त्यांना सांगितलं की इंजेक्शन विसरा, तासाभरात ऑपरेशन करावं लागेल, नाहीतर ही जगणार नाही. संमतीचा कागद पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, दोनदा वाचला, आणि पायरीवर जाऊन बसले. सही काही होईना. मी इकडे सलाईन लावलं, पोटावरचे केस काढायला मशीन हातात घेतलं. मनात म्हटलं, शंभर किलोचं पोतं उचलणारा माणूस, एका सहीला एवढा वेळ?

तेवढ्यात टेंपोत बसून राहिलेल्या हिराबाई आत आल्या. हिराबाई म्हणजे किसनरावांची बायको, बारीक अंगाची, हातात ओला पंचा. कुणाला न विचारता त्यांनी मैनेची शेपटी उचलली आणि पुसायला लागल्या. पंच्यावर तपकिरी डाग उतरला.

"आलं वाटतं पुन्हा. अंगावरनं जातंय तिच्या चार दिवस. सकाळपासनं तीनदा धुतलं मी."

माझ्या हातातलं मशीन मी बंद केलं. किसनरावांना आत बोलावलं आणि तो कागद उलटा करून त्यांच्यासमोर धरला. हे काय लिहिलंत? ते खालच्या आवाजात म्हणाले की तुम्ही विचारलं तेव्हा नव्हतं येत. डॉक्टरकडे न्यायचं म्हणून हिने स्वच्छ करून दिली होती, आणि बाईमाणसाच्या हातात असलं लिहून द्यायचं बरं दिसत नाही.

मी कपाळाला हात लावला. पण त्यांना बोलायचा मला काय अधिकार? आपण दाताच्या डॉक्टरकडे जाताना दात घासून जातो, पायाच्या डॉक्टरकडे पाय धुऊन जातो. लोक आजारी कुत्रीला धुऊन आणत असणार, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. अंघोळ कधी घातली, एवढा एक प्रश्न विचारायचा होता. तो मी विचारला नाही आणि पॅडच्या भरवशावर इंजेक्शनाने बरी होऊ शकेल अशा कुत्रीचं पोट फाडायला निघाले होते. त्या दिवसापासून अंघोळीचा प्रश्न मी सगळ्यात आधी विचारायला लागले.

तोंड उघडं होतं, म्हणजे इंजेक्शनाचा रस्ता मोकळा होता. मी दोघांना समोर बसवून दोन्ही बाजू सांगितल्या. पिशवी काढली तर दुखणं कायमचं संपेल. इंजेक्शनाने गुण येईल किंवा येणारही नाही. आला तरी पुन्हा होऊ शकतं. ताप आहे, चार-पाच दिवस जिवाला घोर आहे. किसनरावांनी विचारलं, तुमची कुत्री असती तर काय केलं असतं? मी म्हटलं, आज पिशवी काढली असती.

त्यांनी संमतीचा कागद घडी घालून टेबलावर ठेवला. मग हिराबाई मैनेसाठी पाणी आणायला बाहेर गेल्यावर बोलले, पहिल्यांदाच कॅलेंडर सोडून माझ्याकडे बघत.

"मॅडम, असल्या कागदावर एकदा सही केलीय मी. आमच्या हिची पिशवी काढली तेव्हा. बावीस वर्षांची होती ही. दुसरा काही उपाय हाय का, एवढं विचारायचं राहून गेलं माझ्याकडनं. या टायमाला विचारतोय."

माझ्याकडे पिल्लांसाठी येणारे सगळे धंदेवाले, असं मी धरूनच चालत होते. मैनेची पिल्लं या माणसाला विकायची नव्हती. मी सलाईन तसंच चालू ठेवलं, रक्त तपासायला पाठवलं, मूत्रपिंडं ठीक आहेत असं कळल्यावर पहिलं इंजेक्शन भरलं.

पुढचे दिवस टेंपो रोज यायचा. किसनराव मैनेला घेऊन रस्त्यावर फेऱ्या मारायचे. तिला चालवेना झालं की अख्खी कुत्री खांद्यावर घ्यायचे आणि तसेच चालायचे. मी त्यांना सांगून बघितलं की चालायचं तिने आहे, तुम्ही नाही. आणि बातमी द्यायचं काम आता हिराबाईंकडे होतं. रंग, वास, दाटपणा, सगळं बिनचूक. माप मात्र वाटीचं. मी विचारलं, कोणती वाटी? आमटीची, म्हणाल्या. तेव्हापासून मी घरी आमटी पेल्यातून पिते.

तिसऱ्या दिवशी माझं धाबं दणाणलं. ताप चढला होता, बाहेर येणं जवळपास थांबलं होतं आणि मैनेने पाण्यालाही तोंड लावलं नव्हतं. मी किसनरावांना स्पष्ट सांगितलं की उद्या सकाळी ताप खाली नसेल तर मी तुम्हाला विचारणारही नाही, ऑपरेशन करणार. ते फक्त मान हलवून हो म्हणाले. हिराबाईंनी पाण्याचं भांडं पुन्हा मैनेच्या तोंडाशी नेलं. घरी गेल्यावर मला जेवण गेलं नाही. आपण एका माणसाच्या जुन्या दुःखाला भुललो आणि कुत्रीचा जीव टांगणीला लावला, असं सारखं वाटत होतं. मागे एका ब्रीडरची डायना नावाची लॅब्राडॉर मी तीनदा इंजेक्शनाने बरी केली होती. तीनदा तिने पिल्लं दिली. चौथ्यांदा तोंड मिटलेलं निघालं आणि ती माझ्या टेबलावरच दगावली. पहिल्या वेळी नाही तरी दुसऱ्या वेळी मी त्याला 'आता पुरे' म्हणायला हवं होतं. नव्हतं म्हटलं, कारण आपल्या हाताला गुण आहे याचीच मला तेव्हा जास्त मजा वाटत होती.

सकाळी मी दवाखान्यात पोचले तर टेंपो आधीच उभा होता. हिराबाई मागच्या फळीवर मैनेला मांडीशी घेऊन बसल्या होत्या. पहाटे दोन वाट्या गेलं, म्हणाल्या, आणि मग अर्धी भाकरी खाल्ली. ताप उतरला होता. मी पोट चाचपलं, हाताला मऊ लागलं. मैनेने माझ्या चेहऱ्यावरून जीभ फिरवली, आणि मी, जी कुणा कुत्र्याला तोंड चाटू देत नाही, तशीच उभी राहिले. मला इतका आनंद झाला की मी किसनरावांना त्या दिवशी फेरी माफ केली.

या उपचाराला एक शेपूट असतं. पिशवी बरी झाली की पुढच्या माजाला कुत्री भरवलीच, म्हणजे कुत्रा दाखवून गाभण करवलीच पाहिजे. रिकामी ठेवली तर पू पुन्हा होण्याचा धोका. म्हणून माज दिसल्या दिवशीच फोन करा, असं मी बजावून ठेवलं होतं. काही महिन्यांनी फोन आला तो मार्केट यार्डातून. मागे कांद्याच्या लिलावाचा गलका. किसनरावांनी आधी माझी तब्येत विचारली. मग माझ्या मुलीची परीक्षा विचारली. मी म्हटलं, किसनराव, मुद्द्याचं बोला, ऐकू येत नाही. त्यांनी घसा साफ केला आणि ट्रकवाल्यांसाठी राखून ठेवलेल्या आवाजात सांगितलं की मैना माजावर आलीय. पलीकडचा लिलाव क्षणभर थांबला आणि मग जो काही हशा उठला तो मला विश्रांतवाडीत ऐकू आला. किसनराव फोन न ठेवता तारखा विचारत राहिले. शाब्बास म्हटलं मी मनात.

हडपसरच्या एका नर्सरीवाल्यांचा कुत्रा दाखवला, मैना गाभण राहिली. दिवस भरल्यावर माझी बॅग घेऊन मी त्यांच्या घरी गेले, तर काम उरकलेलं होतं. किसनराव दाराबाहेर पाच-सहा हमालांबरोबर उभे, आत जायची कुणाची छाती नाही. मैनेने फक्त हिराबाईंना जवळ येऊ दिलं होतं. गोधडीवर पाच पिल्लं ओळीने चिकटलेली. कोपऱ्यात शेगडी, पातेल्यात बाजरीची पेज, आणि ताटात चक्क डिंकाचे लाडू. लाडू मैनेला देऊ नका, असं मी सांगितल्यावर हिराबाई म्हणाल्या, ते तुमच्यासाठी आहेत, तिला पेज आहे.

मी पिल्लं तपासली, मैनेला तपासलं. मला करण्यासारखं काही शिल्लक नव्हतं. हिराबाईंनी प्रत्येक पिल्लू कसं आलं ते ओळीने सांगितलं. तिसरं पायाकडून आलं होतं. चौथ्याच्या तोंडावरचा पातळ पडदा मैनेने फाडला नाही, तो हिराबाईंनीच फाडला आणि त्याला चोळून चोळून रडवलं. हे तुम्हाला कुणी शिकवलं, असं मी विचारलं. कुणी नाही, म्हणाल्या.

पाचांतलं एक घरी राहणार होतं आणि चार यार्डातले लोक नेणार होते. अजून सात-आठजण नंबर लावून होते. बाहेरून किसनराव हौसेने सांगत होते की पुढच्या खेपेला त्यांना देऊ. माझ्या डोळ्यांसमोर डायना आली. आता तरी बोलायचं, असं ठरवून मी चहाचा कप खाली ठेवला, तोवर हिराबाईच बोलल्या. पदराने हात पुसत, अगदी रोजच्या आवाजात.

"पुढची खेप न्हाई. एक बाळंतपण माझ्या हातनं व्हायचं होतं, ते झालं. पिल्लांनी दूध सोडलं की काढा तिची पिशवी, पुन्हा दुखायच्या आत."

किसनरावांनी दारातून डोकावून गोधडीवरची पिल्लं एकदा मोजली. मग तिथूनच म्हणाले, "काढा, मॅडम."

मी काढली. पिशवी वाचवा म्हणून माझ्याकडे आलेल्या माणसांत, ती काढा असं आपणहून सांगणाऱ्या हिराबाई पहिल्या, आणि शेवटच्याही.